पैलवानांच्या मापाची गाडी

कोल्हापूरला लोक अंबाबाईच्या दर्शनाला जातात, गुळाला जातात, चपलांना जातात. मी गेले ती गाडीचे पाटे वाढवायला. हे सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे नीट बघून घेतो, म्हणून आधी कारण सांगते.

घाटाखालच्या आमच्या गावातल्या दवाखान्यात मी नर्स. दवाखान्याची एक जुनी पिकअप आहे आणि तिचा ड्रायव्हर गोपाळ. गावाबाहेरच्या ओढ्यावर पूल नाही, आणि ओढ्यातले दगड असे की गाडीचं पोट त्यांना टेकतं. दोन पावसाळ्यांपूर्वी गोपाळच्याच बायकोला, सुगंधाला, तालुक्याच्या इस्पितळात नेताना गाडी ओढ्याच्या मधोमध दगडावर बसली. मूल तिथेच झालं आणि राहिलं नाही. मी सोबत होते. यंदा सुगंधाला पुन्हा दिवस गेले होते, आषाढात ती मोकळी व्हायची होती. त्याआधी गाडी उंच करून घ्यायची, एवढं एकच गोपाळच्या डोक्यात होतं. बोलायचा मात्र काही नाही. गाडी दवाखान्याची, म्हणून बरोबर मी निघाले.

चैत्रातलं ऊन आणि गगनबावड्याचा घाट. अर्ध्या चढणीवर पिकअपनं वाफ सोडली. पाणी गार होईपर्यंत आम्ही करवंदं खाल्ली आणि खालचं कोकण बघत बसलो. एरवी ज्या गावातून बाहेर पडायला मी तळमळते, ते वरून फार गोजिरं दिसतं, हे मला कबूल केलं पाहिजे. पुढे सायलेन्सर सुटला. तो गोपाळनं सुंभानं बांधला. घाटमाथ्यावर चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानं गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "पावणं (पाहुणे), ही कोल्हापूरला जाणार हाय, का भंगारात सोडायला निघालाय?" गोपाळला राग आला. मला हसू आलं, पण चहा संपेपर्यंत मी ते आवरलं.

मग उतार, उसाचे हिरवेगार फड, बैलगाड्या, आणि दुपारी कोल्हापूर. उद्यमनगराच्या गल्ल्यांत शिरलं की माणूस आधी कानांनी थकतो. एका दारात लेथ, दुसऱ्यात घण, तिसऱ्यात वेल्डिंगचा निळा उजेड. तिथं आमच्या कंपाउंडरच्या ओळखीचे दस्तगीर मिस्त्री होते. पाट्यांचं काम त्यांच्याच हातचं, असं सगळे म्हणत. ते स्वतःही तसंच म्हणत, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

"कुठनं आलायसा?"

मी सांगितलं.

"कोकणातनं? ह्या गाडीनं? शाबास की. बसा, च्या घ्या. गाडी आता माझी हाय."

ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच बोलत राहिले. लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचून गाडीचा भार पेलतात, ते पाटे. जुने पाटे पार सपाट झाले होते. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना नवे पाटे चढवायचं आणि आसावर लोखंडी ठोकळे बसवून गाडी उचलायची, असं ठरवलं. "किती वर पाहिजे?" त्यांनी विचारलं. मी ओढ्यातल्या दगडांचं सांगितलं, पण आकडा सांगायच्या आत गोपाळ म्हणाला, "जितकी जाता तितकी."

लॉजवर जायची भाषा मिस्त्रींच्या बायकोनं ऐकूनच घेतली नाही. कारखान्यामागेच त्यांचं घर. रात्री जेवायला ज्वारीची भाकरी, वांगं आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) होता. खर्डा मी बोटभर घेतला आणि पुढची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. वाढत होती त्यांची सून रेहाना. सातवा महिना, पाय सुजलेले. मी सवयीनं तिचे पाय दाबून पाहिले आणि मीठ कमी कर म्हणून बजावलं. "आल्या आल्या तपासायला लागल्या," म्हणून सासू हसली, पण खर्ड्याची वाटी तिनं सुनेपासून लांब सरकवली.

सकाळी मी शहर बघून आले. देवळात गेले, तळ्याकाठी बसले, आणि कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून पेल्यात काढून देतात ते फेसाळ दूध प्यायले. परत येते तर आमच्या गाडीत पैलवान.

कारखान्याच्या शेजारीच तालीम होती. नवे पाटे भाराशिवाय बसत नाहीत, म्हणून मिस्त्री दर वेळी तिथून पैलवान बोलावून गाडीत बसवत. ती त्यांची जुनी रीत. पोती उचलून टाका, पुन्हा उतरवा, त्यापेक्षा पैलवान आपल्या पायांनी चढतात आणि उतरतात. आमच्या पिकअपच्या मागच्या हौद्यात ते अंगाला तांबडी माती लागलेले, दाटीवाटीनं, अगदी गंभीर चेहऱ्यानं बसले होते. मिस्त्री जमिनीवर आडवे होऊन हातानं गाडीच्या पोटाची उंची मापत होते. पाटे आसाला धरून ठेवणारे यू बोल्ट आवळले, पुन्हा मापलं, पुन्हा आवळले.

"झालं बगा. आता वड्यातला धोंडा खालनं सलाम करंल."

गोपाळचा चेहरा मी कित्येक महिन्यांनी तसा फुललेला पाहिला. मग पैलवान उतरले. ते उतरत गेले तशी गाडी वर वर येत गेली, आणि शेवटचा उतरला तेव्हा गाडीचा मागचा फाळका माझ्या छातीशी आला.

मी फेरी मारून बघायचं म्हटलं. पुढच्या सीटवर चढताना एका हातानं नेसूचं सावरत होते आणि दुसरा हात गोपाळनं ओढला, तेव्हा कुठे बसले. पहिल्याच खड्ड्याला डोकं टपाला आपटलं. त्यानंतर मी खड्डे मोजायचं सोडलं आणि दात घट्ट मिटून घेतले. गोपाळ आपला खूश. "आता ही खय अडकाची नाय," तो परत परत म्हणत होता.

मला त्याचा आनंद मोडवेना. पण कारखान्यात आल्यावर मी बोललेच. "मिस्त्री, गाडी छान झाली. पण हिच्यात बसणार कोण?"

"म्हंजे? पसंत न्हाय व्हय?"

"तुम्ही गाडी पैलवानांच्या मापानं केलीत. हिच्यात दिवस भरलेली बाई चढणार आहे. ती चढू शकणार नाही, आणि चढलीच तर पहिल्या खड्ड्यात मोकळी होईल."

मिस्त्रींचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला कुणी असं तोंडावर बोललं नसावं. पण भडकला तो गोपाळ. "एक पाटो काढूक देवचय नाय," तो म्हणाला, "खाली घेतली आणि पुन्हा टेकली तर?" तो गाडीच्या चाकाला पाठ लावून खालीच बसला. मिस्त्री माझ्याकडे बघू लागले, तेव्हा मी त्यांना ओढ्यातली हकीकत सांगितली.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "रेहाना, जरा भाईर ये."

ती सासूबरोबर आली. "हिच्यात चढून बघ. कुणी हात द्यायचा न्हाय."

रेहानानं फाळका धरला, पाय उचलून पाहिला, पुन्हा खाली ठेवला. "अब्बा, पाय पुरत न्हाय की."

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "चुकलं माझं. भार कुणाचा हाय ते न इचारताच मापलं." मग ते गोपाळशेजारी उकिडवे बसले. "पावणं, ठोकळं मी काढत न्हाय. वडा पार करायची उंची ऱ्हाणार, ती माझी जबान. जादा पाटं तेवढं काढतो, म्हंजे गाडी मऊ चालंल. आणि चढायला पायरी देतो. चालंल?"

गोपाळनं मान डोलावली.

दिवस त्यातच गेला. काढलेला एक पाटा कापून त्यांनी मागे साखळीवर दुमडणारी पायरी बसवली आणि तिच्याशेजारी धरायला दांडा. प्रत्येक वेळी रेहानाला चढायला लावलं. शेवटी सासू ओरडली की पोरीला आता गाडीतच बिऱ्हाड करून द्या. शेवटच्या खेपेला रेहाना कुणाचा हात न घेता चढली, बसली आणि आमच्याकडे बघून हसली. गोपाळनं हौद्यात गालिचा अंथरावा तशा जुन्या गोण्या घातल्या आणि गल्लीतून तिला हळू एक फेरी मारून आणली. उतरल्यावर ती म्हणाली, "पोटात काय हललं न्हाय." मिस्त्रींना यापुढे कुणाचं प्रशस्तिपत्र नको होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेला घाट आमच्या बाजूनं होता. ओढ्याशी आलो तेव्हा ऊन कललं होतं. गोपाळनं गाडी थांबवली, गिअर टाकला आणि पाण्यात घातली. दगड आले, चाकं चढली, उतरली. आम्ही दोघंही टेकल्याचा आवाज ऐकायला बसलो होतो. तो आला नाही.

दवाखान्यासमोर माणसं जमली. सुगंधा मागे उभी होती. तिनं पायरी पाहिली, दांडा धरला आणि वर चढून बसली. मला वाटलं, बघून उतरेल. ती उतरेना.

"माका एकदा पलीकडे नेवन हाडा (नेऊन आणा)," ती गोपाळला म्हणाली.

मूल गेलं त्या दिवसानंतर ती ओढा ओलांडून कधीच गेली नव्हती. तिचं माहेर पलीकडच्याच गावात, पण धाकट्या बहिणीच्या लग्नालासुद्धा ती गेली नाही. आणि हे सगळ्या गावाला माहीत असून कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मी काठापर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि उतरले. गाडी ओढ्यात शिरली. सुगंधानं दोन्ही हातांनी दांडा धरला होता आणि डोळे मिटले होते. मधल्या दगडांशी गोपाळनं वेग अगदी कमी केला. मला वाटतं, तिथेच तिनं डोळे उघडले आणि खाली पाण्याकडे पाहिलं. गाडी पलीकडे चढली. आता वळेल म्हणून मी उभी राहिले. ती वळली नाही. आवाज लांब लांब गेला, तिच्या माहेरच्या रस्त्यानं.

घाट चढून-उतरून कोल्हापूर पाहून आले ती मी, पण त्या दिवशी माझ्यापेक्षा लांब सुगंधा गेली. दवाखान्याची गाडी कुणाला न विचारता रात्रभर पाहुणचाराला राहिली. सकाळी डॉक्टरांनी गाडी कुठे म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, पाटे बसतायत.