उपासाची चिठ्ठी

सौदीतल्या यान्बूत चर्च नाही, म्हणून दर शुक्रवारी आमच्यापैकी कुणाचा तरी वाढदिवस असायचा. पडदे ओढायचे, टेबलावर केक ठेवायचा आणि हळू आवाजात प्रार्थना करायची. एका वर्षात माझेच चार वाढदिवस झाले. आमचे पाळकसाहेब आठवडाभर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. कामगाराचं बोट खरचटलं तरी चिठ्ठी लिहून त्याला दवाखान्यात पाठवायचे. तिथं मी नर्स. त्यांच्या चिठ्ठ्या वाचून माझे डोळे दुखायचे.

माझ्या खोलीतली मैत्रीणही नर्स. तिची आई गावी वारली आणि रजेवर देशाबाहेर पडायचा व्हिसा वेळेत निघाला नाही. तेव्हापासून तिनं अन्नच टाकलं. एकदा चहा घेताना म्हणाली, "ताई, सकाळ होऊच नये असं वाटतं." मी म्हटलं, मनाचे डॉक्टर आहेत, चल. पण तिला आधी पाळकसाहेबांना विचारायचं होतं.

साहेबांनी डोळे मिटले. "जगाच्या डॉक्टरांना आत्म्याचं काय कळणार? तुझा विश्वास कमी पडतोय. तीन दिवस उपास कर."

आठ दिवस धड न जेवलेल्या बाईला हे उपास सांगणार. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी परवडलं. यांनी तर आगीतच रॉकेल ओतलं. मी विचारलं, "साहेब, कामगाराला चक्कर आली तर त्याला उपास सांगता का?"

"ते शरीराचं असतं, सिस्टर."

म्हणजे बोटाला चिठ्ठी आणि मनाला उपाशी ठेवायचं. डोंबलाचा विश्वास. दुसऱ्याच दिवशी मी तिला हाताला धरून एका सुदानी डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला बोलणं सुरू झालं. तीन महिन्यांनी ती चपाती मागून खायला लागली.

मग एका 'वाढदिवसाला' साहेब तिला म्हणाले, "साक्ष दे." म्हणजे प्रभूनं काय केलं ते सगळ्यांसमोर सांग. त्यांना आपल्या उपासाचं श्रेय हवं होतं. ती उभी राहिली.

"सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझं मन आजारी होतं. मला बरं केलं..."

"आमेन," साहेबांनी घाई केली.

"...सुदानी डॉक्टरांनी. गोळ्या अजून चालू आहेत. प्रभूनं ताईला माझ्या खोलीत ठेवलं, त्याचे उपकार."

साहेब केक कापायला लागले.

मी बशा घेऊन स्वयंपाकघरात गेले. साहेबांची बायको मागोमाग आली. तिनं नळ मोठा सोडला आणि खाली बघत विचारलं, "सिस्टर, त्या डॉक्टरांकडे जायला ह्यांची चिठ्ठी लागते का?"