दुपानीचं खालचं पान

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मी बादलीतली वनस्पती स्वतःच्या हातांनी निवडायला घेतली. तरंगणारी रुंद, चकचकीत पानं कापून ट्रेमध्ये मांडली आणि खाली लोंबणारा, ओल्या कागदासारखा पातळ पसारा शेवाळ समजून कचऱ्यात टाकला. हीच वनस्पती दोन वर्षं मी फळ्यावर डोळे मिटून काढत होतो. डोळे उघडून मात्र पहिल्यांदाच पाहत होतो.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे मामा चहा घेऊन परतले. तेवीस वर्षं दर परीक्षेला तेच तळ्यात उतरून ही वनस्पती आणतात. तिला ते दुपानी म्हणतात. शास्त्रीय नावही पाठ आहे, पण ते उच्चारायला सगळे दात शाबूत लागतात म्हणे. त्यांनी ट्रे पाहिला, मग कचऱ्याचा डबा.

"सर, अर्धं झाड टाकलंत."

"ते शेवाळ नव्हतं?"

"पाण्यातली पानं ती तिची. वरची वेगळी, खालची वेगळी. उद्या पोरांना दोन्ही कापून फरक दाखवायचाय. प्रश्नच तो आहे."

डब्यातली पानं एव्हाना गळाठली होती. मामा स्टुलावर बसले आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला. पुढच्या आठवड्यात त्याचं ऑपरेशन होतं. चिखलात उतरायला डॉक्टरांनी मनाई केली होती, मामींनी त्याहून कडक. सकाळची फेरी त्यांनी घरी 'बाजारात जातो' सांगून उरकली होती.

"आता काय सांगू? बाजार दोनदा भरला?"

"मी उतरतो. कमरेएवढंच पाणी आहे ना?"

"कुणाच्या कमरेएवढं, ते उतरल्यावर कळेल."

चौथ्या पावलाला माझा एक पाय रुतला, तो सोडवताना दुसरा. दोन्ही सुटेपर्यंत तळ्याचा चहा झाला होता. हाताला आलं ते वरचं एक पान, देठातून तुटलेलं.

"या बाहेर," मामा म्हणाले. "म्हशीलाही एवढं गढूळ करायला अर्धा दिवस लागतो."

ते पलीकडच्या काठाने उतरले. पाय उचलत नव्हते, नुसते सरकवत होते. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून देठ चाचपत मुळाशी जायचं, तिथे नखाने खुडायचं आणि अख्खी फांदी अलगद बादलीत सोडायची. अशा पंचवीस. दर दोन-तीन फांद्यांनंतर ते डोळे मिटून नुसते उभे राहत.

वर येताना गुडघा वाकेना. मी काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. आम्ही काठावरच बसलो.

"हिचं बरं आहे," बादलीकडे बघत ते म्हणाले. "वर एक, खाली एक, सोय करून ठेवलीय. आपले गुडघे दोन, पण दोन्ही एकाच मालाचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक फेरी तुमच्यावर राहिली, सर."

परीक्षा झाली. दोन पानांतला फरक मी इतक्या आत्मविश्वासाने समजावला, की बेसिनपाशी उभ्या मामांना खोकला आला.

आता ऑपरेशन होऊन महिना झालाय. मामा घरी खिडकीशी पडून असतात. खिडकीत त्यांनी पाण्याचं घमेलं भरून ठेवलंय. त्यात मी एक दुपानी आणून सोडायची, अख्खी.

परवा घेऊन गेलो. बाजार कुठे भरतो हे आता मामींना कळलंय. त्यांनी माझ्या चिखलाळ पँटकडे पाहिलं आणि पाय पुसायला फडकं दिलं. मामांनी चष्मा लावून घमेल्यात बघितलं.

"वरचं छान आहे," ते म्हणाले. "खालचं राहिलं."