पन्हळीखालचं लाटणं

पाऊस आला की माणसं घरात पळतात. आमची शेवंता बाहेर जायची. डोक्यावर घोंगडीची खोळ घ्यायची, मागच्या परसात मधोमध उभी राहायची आणि घराकडं तोंड करून बघायची. भिजायची, पण हलायची नाही. वळचणीला पत्र्याची पन्हळ होती, तिच्यावर नजर. कौलांचं पाणी पन्हळीत कसं उतरतंय, कुठं थांबतंय, कुठनं बाहेर उडतंय. शेजारचा धोंडीबा त्याच्या पडवीतनं ओरडायचा, "वैनी, घर पळून जातंय व्हय?"

"पळालं तर तुमच्या दारातनंच जाईल. धरून ठेवा."

मग आत यायची, पदर पिळायची आणि म्हणायची, "आजचं भागलं बगा." कधी म्हणायची, "पाऊस उघडला की शिडी लावा." एवढंच. जास्त सांगायची नाही आणि मीही विचारायचो नाही.

आमचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला. इथं पाऊस लागला की खळत नाही. चुलीमागची भिंत मातीची आहे. पन्हळ बिघडली की पाणी भिंतीत मुरतं, भिंत फुगते आणि एक दिवस बसते. अशा दोन घरांच्या भिंती बसलेल्या मी पाहिल्या आहेत. पण बसताना नाही, बसल्यावर. कारण म्हातारपणापर्यंत मी पावसात इथं नसायचोच. सगळी उमर सांगलीला हळदीच्या पेठेत पोती उचलली. गावी यायचो जत्रेला आणि दिवाळीला. तोवर हे घर मी कोरडंच बघितलं. पावसातलं घर शेवंताचं होतं.

हमाली सुटली आणि मी कायमचा घरी आलो. पहिल्याच पावसात भिंतीला ओल दिसली. ओल जिथं, तिथंच वर पन्हळीचा सांधा. मी शिडी लावली, सांध्यावर डांबर थापलं. ओल तशीच. आणखी थापलं. ओल तशीच. शेवंता खाली हाताची घडी घालून उभी.

"झालं का लिंपून?" ती म्हणाली. "आवं, पाणी काय तुमच्यागत सरळ चालतंय? ते पत्र्याला धरून सरपटत येतंय आन् मग गळतंय."

उघडीप बघून तिनं तांब्याभर पाण्यात मूठभर हळद कालवली. मी सांगलीहून आणलेली, चांगली राजापुरी. तांब्या माझ्या हातात दिला.

"भाजीला ठेव की थोडी," मी म्हणालो.

"भाजी भिंत पडल्यावर कुठं शिजवू? वता."

मी वर ओतायचं आणि तिनं आत भिंतीजवळ बघायचं. थोडं सरकून ओतायचं, पुन्हा थांबायचं. मग आतनं आवाज आला, "आलं, पिवळं आलं. आता हितंच बगा." सांध्यापासून चांगलं लांब, पन्हळ धरणाऱ्या लोखंडी आकड्याच्या खाली, गंजून सुईएवढं भोक पडलेलं. डांबराचा एक ठिपका लावला आणि ओल गेली. माझं आधीचं सगळं डांबर ती हयात असेपर्यंत सांध्यावर होतं. पाहुणे आले की दाखवायची. "ह्यो आमच्या मालकांचा डोंगर."

"उन्हात सगळ्याच पन्हळी शान्या असत्यात," असं ती नेहमी म्हणायची. पन्हळीचं म्हणायची की माझं, ते मला तेव्हाही कळलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात तिला ताप भरला. आमचा सुरेश मिरजेत कामाला आहे, त्यानं तिकडच्या दवाखान्यात नेली. तिथनं ती चालत आली नाही.

सुरेश म्हणाला, "आबा, आता मिरजेला चला." मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग एवढा पाऊस बघू. भिंतीनं ओल धरली तर माझं ऐकायचं." मी व्हय म्हणालो. भिंत माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं.

वैशाखात मी पन्हळ झाडून काढली. आकडे घासले, रंग दिला. मधल्या आकड्यात एक लाकडाचा तुकडा अडकवून तारेनं बांधलेला होता. तुटक्या लाटण्याचं अर्धुक. त्याच्यामुळं पन्हळ मधेच वर उचललेली दिसायची, वळचणीच्या ओळीत बसायची नाही. वाकडं दिसत होतं. म्हटलं, पोरांनी खेळताना कोंबलं असेल. काढलं आणि अंघोळीच्या बंबात घातलं. पन्हळ वळचणीच्या ओळीत कशी बरोबर आली. खाली उतरून लांबनं बघितलं. झकास. ऊन कडक होतं.

पाऊस लागला आणि चुलीमागं ओल आली.

मी तिच्यासारखंच केलं. उघडीप बघितली, तिच्या डब्यातली हळद घेतली, तांब्या भरला, वर चढलो. ओतली. मग ध्यानात आलं, आत बघायला कोण आहे? उतरलो, आत पळालो. भिंतीवर पिवळं काही नाही. येऊन वाळलं की आलंच नाही, कुणास ठाऊक. परत चढलो, परत ओतली, परत उतरलो. काही नाही. पन्हळीला भोक नाही, सांधा सुटलेला नाही, आणि पाऊस आला की भिंत ओली. पाणी येत होतं कुठनं? धोंडीबाला विचारलं. तो म्हणाला, "वैनी असती तर सांगितलं असतं." हे मलाही माहीत होतं. ते ऐकायला त्याला विचारलं नव्हतं.

आषाढात सुरेश आला, भर पावसात. गाडी परसाच्या बाजूला लावली आणि रेनकोट घालून तिथंच उभा राहिला. मला वाटलं, आता भिंत बघणार आणि पिशवी भरा म्हणणार. तो तिथनंच ओरडला, "आबा, पन्हळ मधनं बसलीय. पोटात पाणी साचून मागच्या काठावरनं भिंतीवर सांडतंय."

मी बाहेर गेलो. त्याच्या शेजारी उभा राहून बघितलं. आमची वळचणच मधनं खचलेली आहे, जुनी आहे. पन्हळ तिच्या ओळीत लावली की पन्हळीलाही पोट सुटतं. तांब्याभर पाणी त्या पोटात मावतं. पाऊस मावत नाही. लाटण्याचं अर्धुक कशाला होतं, ते मला तिथं कळलं. पोरांनी कोंबलेलं नव्हतं ते.

तशा पावसातच शिडी लावली. आधी दगड घातला, जास्त झाला. ढलपी घातली, कमी पडली. शेवटी घरातलं चांगलं लाटणं आणलं, शेवंतानं जुनं तुटल्यावर तसंच बघून घेतलेलं. पायाखाली धरून करवत लावली. नाहीतरी चपाती कोण लाटतंय आता. तुकडा आकड्यात बसवला आणि खालनं सुरेश म्हणाला, "अजून थोडं आत. अजून. ऱ्हाऊ द्या तिथंच." मिरजेत तो असं बोलत नाही.

पाणी कोपऱ्याकडं धावलं. दुसऱ्या दिवशी भिंत सुकायला लागली. सुरेश भिंतीवर हात ठेवून म्हणाला, "मग ऱ्हाताय म्हणा की." त्याला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. मला काय वाटलं, तेही कळलं नाही.

आता पाऊस आला की मी बाहेर जातो. खोळ तिचीच आहे, मला आखूड होते. परसात उभा राहून बघतो. धोंडीबा पडवीतनं हल्ली काही म्हणत नाही. कुठं बघायचं ते मला अजून नीट कळत नाही, पण पाणी थांबत नाही एवढं दिसतं. मग आत येतो, धोतर पिळतो. आजचं भागलं, हे आता आत कुणाला सांगायचं, ते कळत नाही. थोडा वेळ दारातच उभा राहतो.