उरलेल्या गोळ्या

आमच्या घरी गोळी कधी फेकली गेली नाही. पाच दिवसांच्या लिहून दिल्या आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला, की उरलेल्या मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला राहायला आल्यापासून तो डबा भरत गेला आणि गल्लीत माझी पत वाढत गेली. कोणाची दाढ सुजली, कोणाच्या पोराचा कान फुटला, की बाया माझ्याकडे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण पुढं जे हाती लागलं ते वाचत आले. पाकिटांवरची नावंही वाचता येत होती. दोन गोळ्या हातावर ठेवायची, बरं वाटलं की बंद कर म्हणायची. खोटं कशाला सांगू, त्यात मला मोठेपणा वाटायचा.

माझी धाकटी जाऊ हिंगणघाटकडच्या एका गावात राहते, शेती तीच पाहते. गेल्या उन्हाळ्यात वावरात कापसाची पऱ्हाटी उपटून झाली आणि मागं राहिलेलं एक खुंट तिच्या पायाच्या अंगठ्याखाली शिरलं. तिला साखरेचा आजार. मी बसनं गेले आणि डब्यातल्या कॅप्सूल देऊन आले. दोन दिवसांत ठणका कमी झाला, तिनं बंद केल्या. आठवड्यानं परत पू. मी परत गेले, दुसऱ्या दिल्या. असं तीनदा झालं. अंगठा जांभळा पडला तेव्हा कुठं आम्ही वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, याआधी काही औषध घेतलं का? जावेनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाई. हळद लावली फक्त."

आमच्यात धाकटी जाऊ परक्यासमोर मोठीची चूक उघडी पाडत नाही. हे कोणी शिकवत नाही, नांदता नांदता अंगात मुरतं. आणि मी मोठी, मी पदराचं टोक हातात घेऊन गप्प बसले. डॉक्टरांनी तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवून नेहमीचं इंजेक्शन सुरू केलं आणि पू तपासायला पाठवला.

तीन दिवस इंजेक्शनं गेली. सूज घोट्यापर्यंत चढली. डॉक्टर सरळच म्हणाले, औषध लागू पडत नाही, अशीच चढत गेली तर पाऊल वाचणार नाही.

त्याच दुपारी तपासणीच्या खोलीतली एक मुलगी स्वतः कागद घेऊन आली. औषधांची नावं एकाखाली एक, आणि जवळजवळ सगळ्यांपुढं एकच अक्षर. म्हणजे हे औषध या जंतूंना मारत नाही, असं तिनं सांगितलं. काहीच घेतलं नाही म्हणता, मग इतकी औषधं पचवणारे जंतू आले कुठून, असं ती विचारायला लागली. जाऊ काही बोलायच्या आत मी बोलले.

"मी देल्या गोळ्या. तीनदा. तिनं माह्यापायी लपवलं."

जावेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलगी रागावली नाही. कोणत्या गोळ्या, किती, सगळं लिहून घेतलं आणि डॉक्टरांकडे गेली. तासाभरात औषध बदललं. चालेल असं जे एक उरलं होतं, ते.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी विचारलं, की बाई, हे जंतू माझ्या गोळ्यांनी तयार झाले का? ती स्टुलावर बसली. म्हणाली, नाही आजी, ही गोष्ट फार जुनी आहे. यातली कितीतरी औषधं मुळात मातीतल्या जंतूंची. माणूस नव्हता तेव्हापासून ते एकमेकांना मारायला ती बनवतात. आणि जो विष बनवतो त्याला त्यातून वाचायची युक्तीही लागतेच, म्हणून औषधाचा उतारा त्याच मातीत होता. तो जंतूच्या अंगात लिहिलेला असतो, चिठ्ठीवर लिहावा तसा. बरं, तो नुसता आईकडून लेकीकडे जात नाही. दोन जंतू शेजारी आले, भिन्न जातीचे का असेनात, की एक दुसऱ्याला त्या चिठ्ठीची नक्कल देतो. एका चिठ्ठीवर चार-पाच औषधांचे उतारे असू शकतात.

मी म्हटलं, म्हणजे शेजारीण विरजण नेते तसं. देणारीचं दही तर तसंच राहते. ती हसली, अगदी तसंच म्हणाली.

"मग माह्यं काय चुकलं?"

"अर्धवट औषधानं तुम्ही कमजोर तेवढे मारले, आजी. चिठ्ठीवाल्यांना जागा मोकळी झाली."

शेतातल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. अर्धं निंदून सोडलेल्या वावरात हराळीच माजते. हे असं निंदण कोंबड्यांच्या खाद्यात चालतं, फळझाडांवरच्या फवाऱ्यात चालतं, दवाखान्याच्या सांडपाण्यातही, असं ती सांगत होती. मला मात्र आमच्या गल्लीतल्या एकेका पोराचा कान आठवत होता.

ती गेल्यावर जाऊ भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

"काऊन सांगतलं बाई? चार लोकायसमोर तुमची मान खाली गेली."

"तुह्या पायाहून माही मान मोठी हाय का?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मले ठाऊक होतं, गोळ्याईनं कायी होऊन नाई राह्यलं. पण तुमी इतक्या दुरून घेऊन येत होत्या."

डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा तेच मला जास्त लागलं.

नव्या औषधाच्या चौथ्या दिवशी सूज उतरायला लागली. अर्धा अंगठा कापावा लागला, पाऊल राहिलं. ते तीन दिवस गेले नसते तर अंगठाही राहिला असता का, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. मी परत विचारलं नाही.

तिला मी माझ्याकडेच आणलं. रोज पट्टी बदलायची असते. पहिल्या दिवशी मी तिचा पाय मांडीवर घेतला तर तिनं झटकन ओढून घेतला. मोठ्या जावेनं पायाला हात लावाव का, पाप लागते मले, म्हणे. मी म्हटलं, लागू दे, आणि पाय परत मांडीवर घेतला. आता ती स्वतःहून पाय पुढं करते आणि वरून मलाच बोलते, "हळू वो बाई, कांदा नाई सोलून राह्यल्या."