जिभेवरची नळी

जिभेवर रबरी नळी लटकवून उभा असलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? मी पाहिलाय. अख्खा मे महिना पाहिलाय, आणि त्याच्यापायी माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

अमडापूरला रस्त्याच्या कडेला त्यांचं गॅरेज होतं. सगळे त्यांना नुसतं मिस्त्री म्हणत. साठी ओलांडलेले, किडकिडीत, चष्म्याला दोरी. नळीचं टोक तोंडात धरायचं, गाल आत जाईस्तोवर हवा ओढायची आणि झटकन टोकाला जीभ लावायची. नळी जिभेला चिकटून लटकत राहिली तर दुसऱ्या टोकाला जोडलेला भाग धड, गळून पडली तर फाटका. यासाठी बाजारात पंप मिळतो, गेज मिळतं. मी तसं म्हणालोसुद्धा. त्यांनी जीभ न हलवता "अं अं अं" असं काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता गाडीचं सांगतो. माझ्या वडिलांनी हौसेनं नागपूरहून आणलेली ती जुनी परदेशी गाडी, वयानं माझ्यापेक्षा मोठी. वडील गेले, गाडी राहिली. शहाण्या माणसानं ती केव्हाच भंगारात दिली असती. पण आईला आठवड्यातून दोनदा जानेफळहून बुलढाण्याला डायलिसिसला न्यावं लागतं, आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीत तिला पाच किलोमीटरच्या आत उलटी होते. या गाडीत होत नाही. का, ते मला विचारू नका, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तर या गाडीच्या एसीनं उन्हाळ्यातच दगा दिला. सपाट रस्त्यावर तोंडावर छान गार हवा यायची. चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की ती बंद, आणि सगळी हवा वर समोरच्या काचेवर. काच गार, माणसं भाजून निघताहेत! आई कुरकुर करणाऱ्यातली नाही, ती पदरानं वारा घ्यायची. परतताना तिच्यात तेवढंही त्राण नसायचं. एकदा परतीच्या चढावर तिची मान जी कलली, ती मी तोंडावर पाणी मारेस्तोवर वर झाली नाही. त्या दिवशी मी गाडी थेट मिस्त्रींच्या दारात नेऊन उभी केली.

"सर, याच्या झडपायले वायर नाई, मोटर नाई," ते डॅशबोर्डखाली डोकं घालून म्हणाले. "इंजिन हवा वढते, त्या वढीवर आतल्या झडपा फिरतात. वढ कमी पडली का सारी हवा काचीवर. कुठी तरी गळून राह्यलं."

"सापडेल ना?"

"हवाच त हाय. जाऊन जाऊन जाईन कुठी?"

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार धीर आला. सतराव्यांदा ऐकलं तेव्हा हातातला पाना कुठे ठेवावा ते कळेना.

डॅशबोर्ड सुटा होऊन बाजेवर पडला. प्रत्येक झडपेपाशी एक पत्र्याची डबी, डबीत रबराचा पडदा आणि पडद्याला झडप फिरवणारी दांडी. मिस्त्रींनी पहिल्या डबीची नळी ओढली, जीभ लावली. नळी पडली. "पडदा गेला," ते म्हणाले. कुठल्याशा जुन्या बीपी मशीनचं रबर कापून त्यांनी नवा पडदा केला. आम्ही बुलढाण्याला निघालो, आणि त्याच चढावर हवा काचेवर! मग दुसरी डबी. नळी पडली, पडदा गेला, नवा पडदा, तोच चढ, तीच काच. मग तिसरी. मग त्यांनी पहिल्या डबीचा स्वतः बसवलेला नवाकोरा पडदाही फाटका ठरवला. मी गणिताचा शिक्षक. पोरानं एकाच बेरजेची चार उत्तरं काढली तर मी त्याला वर्गाबाहेर उभं करतो. इथे सुट्टीचा महिना मीच बाहेर उभा होतो, उन्हात, टायरवर बसून.

डायलिसिसच्या दिवशी सकाळी ते सुतळीनं डॅशबोर्ड बांधून द्यायचे आणि माठाच्या पाण्यात भिजवलेला पंचा खिडकीतून आईच्या हातात ठेवायचे. "माय, आजच्या दिस चालवून घ्या. पुढच्या खेपेले थंड जासान." आईला त्यांचं भारी कौतुक. मी वाटेत चिडचिड केली की ती म्हणायची, "त्याले काऊन बोलतं रे? तो करून राह्यला न बिचारा." करून राहिला होता हे खरंच. पण होत काहीच नव्हतं, आणि मान तिची कलत होती.

मेच्या शेवटी माझा तोल गेला. मिस्त्रींनी चौथी डबी काढली, नळी ओढली, जीभ लावली. नळी पडली. "पडदा गेला," ते म्हणाले आणि दम खात टायरवर टेकले. मी त्यांच्या हातातून डबी हिसकावली. नळी तोंडात घालून रागारागानं ओढली. टक्क! डबीची दांडी आत गेली. मी जीभ लावली आणि नळी लटकली. लटकलीच. मग बाजेवरच्या, आधी फाटक्या ठरवलेल्या साऱ्या डब्या मी एकेक करून ओढून पाहिल्या. टक्क, टक्क, टक्क. एकही फाटकी नव्हती. काढून टाकलेले जुने पडदे उजेडात धरले, त्यांनाही कुठे भोक नव्हतं. शेजारच्या टपरीवरचे चार-पाच जण चहा हातात घेऊन बघायला आले.

"मिस्त्री," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गाडी नाही, तुमची छाती गळून राहिलीय! महिनाभर माझ्या आईला भाजून काढलं तुम्ही!"

टपरीवाले हसले. मिस्त्री हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी एक डबी उचलली आणि पुन्हा ओढून पाहिली. गाल आत गेले, मानेच्या शिरा वर आल्या, दांडी जरा हलली आणि थांबली. त्यांनी डबी खाली ठेवली.

"मले वाटलं," ते सावकाश म्हणाले, "आजकाल रबरच खराब येऊन राह्यलं."

माझी जीभ मी तेव्हा आवरायला हवी होती, हे मला त्याच क्षणी कळलं. पण शब्द गेला तो गेला.

पुढच्या खेपेला मी त्यांना बळेच मागच्या सीटवर बसवून बुलढाण्याला नेलं. आई यंत्रावर असताना त्यांचा एक्स-रे काढला. फुफ्फुसं आक्रसत आली होती. चाळीस वर्षं ब्रेकची धूळ तोंडानं फुंकून उडवली होती त्यांनी. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "सर, गाडी घेऊन या. वढनारे तुमी, सांगनारा मी."

ते खुर्चीवर बसले, आणि जिभेवर नळी लटकवून मी उभा राहिलो. आता बोलायला ते मोकळे होते आणि मी अं अं करत होतो. "हे नाई. ते काळी वढा. जोरानं हो, काऊन लाजता?" तासाभरात चोर सापडला. इंजिनाची ओढ एका डबड्यात साठवलेली असते, म्हणजे चढावर ती कमी पडत नाही. त्या डबड्याच्या तोंडाशी बोटभर व्हॉल्व्ह असतो. तो साठवलेली ओढ सोडून देत होता, बस एवढंच. मिस्त्रींनी मुंबईच्या एका ओळखीच्या भंगारवाल्याला फोन लावला. "धाडते म्हणे," ते खुश होऊन म्हणाले. "बसवताना त्याच्यावरचा बान इंजिनाकडं ठेवजा, सर. ध्यानात ठेवजा." मी हो म्हणालो. माफी मागायची होती, ती व्हॉल्व्ह बसल्यावर मागू म्हटलं.

व्हॉल्व्ह यायला तीन आठवडे लागले. तो येण्याच्या चार दिवस आधी मिस्त्री अकोल्याच्या दवाखान्यात वारले.

मी तो घरी अंगणात बसवला, बाण इंजिनाकडे ठेवून. पाऊस लांबला होता, ऊन तसंच होतं. डायलिसिसहून परतताना तो चढ आला. मी ॲक्सिलरेटर दाबला. हवा हलली नाही, आईच्या तोंडावर गारच येत राहिली. तिनं पदर खाली सोडला. डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, "केलं रे त्यानं."

तिला माहीत नव्हतं. डायलिसिसच्या खोलीतली तिच्या शेजारची बाई गेल्यापासून आम्ही तिला असल्या बातम्या देत नाही.

अमडापूर आलं तशी ती म्हणाली, "थांब जरा. मिस्त्रीले सांगून ये, चढावर हवा लागली म्हणून."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं, तिला उकडू नये म्हणून. उतरलो, गाडीला वळसा घालून गॅरेजपाशी गेलो. शटर खाली होतं, कुलपावर धूळ बसली होती. टपरीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मी तिथे उभा राहून जे बोलायचं होतं ते बोललो, पुटपुटत, आणि परत येऊन बसलो.

"सांगतलं?"

"हाव."

"काय म्हने?"

"हसले," मी म्हणालो, आणि गाडी काढली.