पणजी गाळायची?

तुमच्या पणजीचं नाव तुम्हाला सांगता येईल? आपल्या जुन्या चर्चचा आणि इथल्या घराण्यांचा इतिहास लिहिणाऱ्या निवृत्त नर्सबाई भेटेल त्याला हेच विचारतात. उपासना संपली की त्या छत्री टेकवून दारात उभ्या राहतात. कुणी आजोबांचं नाव सांगू लागलं, की म्हणतात, "ते तुमच्या दारावरच्या पाटीवर हाय की! पणजीचं सांगा."

गेल्या रविवारी, छपाईचा खर्च उचलणारे गृहस्थ त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, आमची पणजी चर्च झाडायची, तेवढं गाळा. नाहीतर छपाईचं तुमचं तुम्ही बघा."

बाईंनी तोंडातली बडीशेप सावकाश चावून संपवली.

"गाळते की. मग तुमी कुटनं आला, ते सांगा. तसं लिहिते."

गृहस्थ तडक निघून गेले. बाई छत्री उघडून सात रस्ता चौकाच्या दिशेनं शांतपणे चालू लागल्या.

छपाई आता अडली आहे. अडू दे. जिनं ही फरशी झाडली तिला वगळून छापलेला इतिहास मी हातात धरणार नाही. येत्या रविवारी बाई दारात असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या, आणि पणजीचं नाव तिच्या कामासकट त्यांना सांगा.