चुन्यातलं घमेलंभर सिमेंट

मंगळवारपासून जमालुद्दीनच्या तोंडाची चव गेली होती. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, दोन घास चिवडायचा, आणि नजर पुन्हा जिन्याकडच्या भिंतीवर. भिंत अगदी ओळंब्यात उभी होती. पण तिच्या पोटात काय आहे ते सौदीतल्या या अख्ख्या हुफूफ शहरात फक्त त्यालाच ठाऊक होतं.

माणूस श्रीवर्धनकडचा, छप्पन वर्षांचा. चिरा आणि चुना मामूंच्या हाताखाली शिकला. मग सौदीत आला आणि अठ्ठावीस वर्षं जुबैलला सिमेंटचे ब्लॉक रचत बसला. दोन वर्षांपूर्वी हुफूफमधल्या एका जुन्या घराची डागडुजी निघाली, चुन्यात हात बसलेला गवंडी हवा होता, आणि जमालुद्दीनला उतारवयात मान मिळाला. लोक ‘उस्ताद’ म्हणू लागले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

देखरेख लुचियाबाईंची. बाई साठीच्या, इटलीतल्या रोक्कासेल्ला नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या गावच्या. चहाच्या वेळी फोनवर गावचे फोटो दाखवत आणि साताऱ्याचा इंजिनियर रणजित ते मराठीत सांगे. एकमेकांना टेकलेली दगडी घरं, सहाशे वर्षांची वेस, कोपऱ्याच्या प्रत्येक दगडावर तो बसवणाऱ्या गवंड्याची खूण. शेवटच्या फोटोत घंटेच्या मनोऱ्याजागी नुसता ढिगारा. एका भूकंपानंतर कुणीतरी मनोऱ्याच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरलं. सिमेंट हटेना, भोवतालच्या दगडाचा मात्र भुगा झाला, आणि पुढच्या हादऱ्याला मनोरा नऊ माणसांवर आला. म्हणून बाईंचा नियम होता, सिमेंट घालेल तो त्याच दिवशी घरी. मागच्या वर्षी एकाला खरंच पाठवलं. खलास.

हे सगळं ऐकूनही जमालुद्दीनने तेच केलं. मंगळवारी दुपारी आभाळ भरून आलं. हुफूफचा पाऊस तो काय, अंगणातली धूळही बसायची नाही. पण कोकणी गवंड्याला ओला चुना आणि काळा ढग एकत्र दिसले की त्याची अक्कल गहाण पडते. श्रीवर्धनला असं आभाळ आलं की जो तो चुन्यात सिमेंट कालवून मोकळा होतो, नाहीतर सकाळपर्यंत दगडांच्या सांध्यांतला चुना वाहून गेलेला. शेजारच्या नव्या कुंपणाच्या कामावर पोतं उघडं होतं. हाताने सवयीने घमेलं भरलं, कालवलं, भिंतीत थापलं. मग चार थेंब पडले आणि ऊन आलं. तेव्हा कुठे त्याची पाचावर धारण बसली. त्याच क्षणी उकरून टाकायला हवं होतं. पण तोवर आडोशाला गेलेली माणसं परतली होती. त्याने वरून चुन्याचा हात फिरवला, आणि चुकीची चोरी झाली.

रविवारी बाई तपासणीला आल्या. छोट्या हातोडीने भिंत ठोकायच्या आणि कान लावून ऐकायच्या. जमालुद्दीन घमेलं घेऊन मागे मागे चालला होता. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना जाईल, ते एक वेळ सोसू. पण घरी बायकोला, अमिरुन्निसाला काय सांगायचं? उस्तादाला हाकललं म्हणून?

बाईंनी जिन्याची भिंत ठोकली, मान हलवली आणि छान म्हणून पुढे निघाल्या. जाता जाता त्या रणजितला म्हणाल्या की या भिंतीखाली शाळेच्या मुलांना बसवायचं आणि घराची गोष्ट सांगायची.

सुटला होता तो. तोंड मिटून ठेवायचं, एवढंच उरलं होतं. पण डोळ्यांपुढून तो ढिगारा हलेना.

“साहेब, बाईंना सांगा. या भिंतीत सिमेंट आहे. मी घातलंय.”

रणजितचा चेहरा उतरला. “चाचा, गप्प बसा,” तो पुटपुटला. “त्यांना कळलेलं नाही.”

“मला कळलंय ना.”

रणजितने सांगितलं. बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग हळूहळू बोलू लागल्या आणि रणजित अडखळत सांगत राहिला. मनोऱ्यात सिमेंट भरणारा गवंडी बाईंचा बाप होता. चूक त्याला वर्षभरातच कळली होती. पुढे अकरा वर्षं तो रोज त्या मनोऱ्याखालून गेला आणि कुणाला बोलला नाही. नऊ माणसं पुरली तेव्हाही नाही. मरताना फक्त लेकीला सांगितलं.

बाईंनी आपली हातोडी जमालुद्दीनच्या हातात दिली. “आत्ताच काढायला घे,” रणजितने त्यांचं बोलणं सांगितलं. “आज संपणार नाही. उद्या सहाला ये. परवाही ये.”

जमालुद्दीनने सांध्यात छिन्नी लावली. पहिला घाव त्याच्याच अंगठ्यावर बसला. त्याने छिन्नी पुन्हा लावली.